आजाराआधीची वर्षं

तेरला संत गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाका, यांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातलं लाकडी थापटणं पाहून मुक्ताबाईनं विचारलं, हे कशासाठी? मडकं पक्कं झालं की कच्चं राहिलं ते यानं कळतं, असं काका म्हणाले. मग आमचीही पारख करा, असा आग्रह झाला. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं वाजवलं. बाकीचे मुकाट बसले, नामदेव दुखावले, आणि हेच मडकं कच्चं असा निवाडा भर मंडळीत झाला. वारकरी परंपरेनं ही कथा सातशे वर्षं सांभाळली आहे.

कथा अध्यात्माची आहे, मनाच्या आजाराची नाही. पण तिनं उभे केलेले प्रश्न आज तरुणांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्यांना रोज भेटतात. एखाद्या मुलाच्या मनात पुढे गंभीर आजार उभा राहणार असेल, तर तो आधी ओळखता येतो का? ओळखलाच, तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं? आणि सांगून झाल्यावर त्याला पाठवायचं कुठे? पहिल्या प्रश्नावर मनोविकारशास्त्रानं शंभरहून जास्त वर्षं खर्च केली आहेत. दुसऱ्याचा विचार अलीकडे सुरू झाला. तिसरा प्रश्न तेरसारख्या गावासाठी अजून मोकळा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे.

हा आजार म्हणजे सायकोसिस. वास्तवावरची पकड सुटते. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी न हलणारी खात्री बसते, बोलण्यातला धागा तुटतो. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला प्रकार. तीव्र नैराश्यात, बायपोलर आजारात, काही वेळा गांजासारख्या नशेतही अशी अवस्था येते. ती बहुतेक वेळा तरुणपणी येते, दहावी-बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी या वर्षांत. २०२२ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार एकूण मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात आणि पंचविशीपर्यंत हा वाटा ६२ टक्क्यांवर जातो.

आजार उघड होण्याआधी काही खुणा दिसतात, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानातला सातवा अध्याय उन्मादाचा. त्यात लक्षणांच्या आधी पूर्वरूप वेगळं सांगितलं आहे: डोकं रितं वाटणं, डोळे अस्वस्थ होणं, कानांत आवाज येणं, अन्नावरची वासना उडणं, कारण नसताना चिंता आणि घाबरेपणा, भलतीसलती स्वप्नं. आजच्या वैद्यकाच्या कसोटीला ही यादी जशीच्या तशी उतरणार नाही. पण झोप, भूक आणि भीती यांतले बदल आधी पाहावेत, ही दृष्टी तिच्यात आहे.

गावापर्यंत ती दृष्टी सलग पोचली नाही. पोरगं गप्प झालं, रात्र-रात्र जागं राहायला लागलं, शाळेची वाट टाळायला लागलं, तर घरात पहिल्यांदा म्हणतात मोबाईलनं बिघडलं. मग म्हणतात अभ्यासाचं टेन्शन आहे. पुढे बाहेरचं काही लागलं असेल म्हणून देवरुषी होतो, दर्गा होतो, एखाद्या ठाण्यावर अमावस्या होते. लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल, असं सांगणारेही भेटतात. यात घरच्यांची माया कमी नसते. उलट प्रत्येक पायरीवर ती माणसं पैसा, वेळ आणि जीव ओततात. त्यात महिने, कधी वर्षं जातात.

इंग्रजी अमलात मनोरुग्णांसाठी पहिली मोठी सोय झाली ती भिंतींची. १८५८ चा कायदा, मग १९१२ चा कायदा, आणि त्यांच्या आधारानं चालणारी वेड्यांची इस्पितळं. आजच्या महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मोठी मनोरुग्णालयं त्या परंपरेतून आली. ठाण्याचं १९०१ चं. चारही मराठवाड्याबाहेर. तेर ज्यात येतं तो धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. १९४८ ला निजामी संपल्यावर आणि १९६० ला महाराष्ट्र झाल्यावरही इथल्या कुटुंबाला मनोरुग्णालय म्हटलं की येरवडाच आठवायचं. इतक्या लांब कुणी लवकर जात नाही. सगळे उपाय थकल्यावरच माणूस तिथे नेला जाई.

युरोपातही असंच होतं, आणि तिथल्या शास्त्रानं आजाराचं चित्र या उशिरा आलेल्या रुग्णांवरून काढलं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत डिमेन्शिया प्रिकॉक्स, म्हणजे तरुण वयात बुद्धी ढासळवणारा विकार, याची मांडणी पक्की केली. त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेली माणसं. त्यामुळे हा आजार उताराकडेच जातो, असं चित्र तयार झालं. स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव सुचवलं आणि सगळेच रुग्ण ढासळत नाहीत हे दाखवलं. डॉक्टर जिथे उभा असतो तिथून त्याला आजार दिसतो. तो दवाखान्याच्या शेवटच्या दालनात उभा असेल तर शेवटच दिसणार. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे डॉक्टरची ही जागा हळूहळू घराकडे सरकत आल्याचा इतिहास आहे.

अमेरिकेतले हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी १९२७ मध्येच लिहिलं होतं की मानसोपचारतज्ज्ञाला शेवटचे रुग्ण फार भेटतात आणि सुरुवातीचे फार कमी. पण सुरुवातीच्यांसाठी करायचं काय, हे तेव्हा कुणाच्या हाती नव्हतं. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि आवाज, संशय, खळबळ आटोक्यात आणणारं पहिलं परिणामकारक औषध मिळालं. मग प्रश्न बदलला. औषध आहे तर ते इतक्या उशिरा का?

साठच्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास हाती घेतला. भारतातलं केंद्र आग्रा. पुढच्या अभ्यासात चंडीगढही आलं. दोन्हीकडून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. भारतातल्या बऱ्याच रुग्णांची पुढची वाटचाल श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी होती. एकत्र कुटुंब, शेतात-घरात झेपेल तेवढं काम, माणसाला माणसांतच ठेवण्याची रीत, अशी कारणं पुढे आली. नंतरच्या संशोधकांनी बजावलं की हा निष्कर्ष सगळीकडे लागू करू नका, कारण आपल्याकडे उपचाराविना पडून राहिलेले आणि अकाली गेलेलेही पुष्कळ आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुटुंब हे आपलं मोठं बळ आहे. पण उपचाराची साथ नसेल तर तेच कुटुंब मोडून पडतं.

आता उलट बाजूनं विचार सुरू झाला: पहिल्या झटक्याच्या मागे जाऊन पाहायचं. जर्मनीत मानहाइमला हाइन्झ हेफनर आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा दाखल झालेल्या रुग्णांची आणि नातेवाइकांची बारकाईनं विचारपूस केली. आजाराची पहिली चाहूल आणि उघड सायकोसिस यांच्यात सरासरी पाच वर्षं गेलेली दिसली. त्या चाहुलीत सहसा आवाज नव्हते, संशय नव्हता. बहुतेकांत ती मन न लागणं, उदासी, चिंता, माणसांपासून दूर होणं, कामाची उमेद जाणं या रूपानं आली होती. म्हणजे आजार पहिल्यांदा हाक देतो ती साध्या, रोजच्या आवाजात. शाळेत बाकावर मागे सरकत गेलेल्या मुलासारखा.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॅट्रिक मॅकगॉरी यांनी १९९२ मध्ये पहिल्या झटक्याच्या तरुणांसाठी वेगळं केंद्र उभारलं. जुन्या रुग्णांच्या दालनात ठेवलेला अठरा वर्षांचा मुलगा तिथे आपलं भविष्य पाहून खचतो, हे त्यांनी पाहिलं होतं. १९९४ मध्ये त्यांनी आणि अॅलिसन यंग यांनी आणखी एक पाऊल मागे टाकून झटका न आलेल्या पण धोक्यात असलेल्या तरुणांसाठी दवाखाना सुरू केला आणि तो मनोरुग्णालयाच्या आवाराबाहेर ठेवला. धोका ठरवायला तीन खुणा धरल्या. एक, सौम्य स्वरूपाची लक्षणं: संशय येतो, पण तो खोटा असेल हेही कळतं. दोन, पूर्ण लक्षणं, पण काही दिवसांत आपोआप जाणारी. तीन, घरात हा आजार असणं आणि त्याच वेळी मुलाचं शिक्षण किंवा वागणं एकदम खालावणं.

या कसोटीला खरोखर काही अर्थ होता. २०१२ मध्ये २७ अभ्यासांतल्या सुमारे अडीच हजार तरुणांची माहिती एकत्र केली, तेव्हा तीन वर्षांत त्यांतल्या ३६ टक्क्यांना सायकोसिस झालेला दिसला. नंतरच्या गोळाबेरजेत हा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास आला. दोन्ही आकडे उलटे करून वाचले की दुसरी बाजू दिसते: धोक्यात आहेत म्हणून निवडलेल्यांपैकी बहुतेकांना सायकोसिस होत नाही. त्यांना नैराश्य असतं, चिंता असते, झोपेचा त्रास असतो, आणि त्यासाठी मदत हवीच असते. पण त्यांच्या कपाळावर पुढच्या आजाराचं नाव लिहिणं हा अन्याय ठरतो. म्हणूनच २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेनं निदानाच्या नव्या नियमपुस्तकात या अवस्थेला मुख्य यादीत स्थान दिलं नाही. पुढील अभ्यासाची गरज असलेल्या बाबींत ती ठेवली.

उपाय शोधतानाही असेच धडे मिळाले. मेलबर्नच्या २००२ मधल्या प्रयोगात कमी मात्रेचं औषध आणि समुपदेशन घेतलेल्या ३१ पैकी तिघांना सहा महिन्यांत सायकोसिस झाला, नेहमीची मदत घेतलेल्या २८ पैकी दहा जणांना. उपचार थांबल्यावर पुढच्या सहा महिन्यांत हा फरक बराचसा पुसला गेला. व्हिएन्नात २०१० मध्ये माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ नं मोठी आशा दाखवली. मग ३०४ तरुणांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात ती आशा टिकली नाही. ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की नुसत्या धोक्यासाठी सायकोसिसची औषधं देऊ नका. बोलून करायचे उपचार द्या आणि नैराश्य, चिंता असेल तर त्यावर इलाज करा.

सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट दक्षिण लंडनमधून आली. तिथे धोक्यातल्या तरुणांसाठी उत्तम केंद्र होतं. तरीही त्या भागात पहिला सायकोसिस झालेल्या ३३८ रुग्णांपैकी आधी त्या केंद्रात येऊन गेलेले होते फक्त १४. चाळणी चांगली होती. पण ज्यांना गरज होती ती मुलं तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

या उलट नॉर्वेतला अनुभव. स्टाव्हँगरच्या भागात १९९७ पासून वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळा आणि डॉक्टर यांना हाताशी धरून एकच गोष्ट लोकांना सांगितली: ही लक्षणं अशी असतात, या क्रमांकावर फोन करा, आमचं पथक येऊन भेटेल. आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ पाच आठवड्यांवर आला. मोहीम थांबली तसा तो पुन्हा पंधरा आठवड्यांवर गेला. त्या पाच आठवड्यांमागे नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. शिक्षकाला कळलं होतं, आईला कळलं होतं, आणि फोन उचलणारं माणूस होतं.

महाराष्ट्रात या दिशेनं पहिली हालचाल केली ती रुग्णांच्या घरच्यांनी. मूळचे धुळे जिल्ह्यातले आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथे नातेवाईक एकमेकांपाशी बोलू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला, तो याच प्रयत्नांच्या आधारानं. त्यात अतुल कुलकर्णींनी साकारलेला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण शेष पाहून हे आमच्या घरातलं आहे असं मराठी माणसाला वाटू शकलं. आजाराला चेहरा मिळाला की तो लपवण्याची गरज थोडी कमी होते.

मग साताऱ्याचा प्रयोग आला. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे २८२ रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापला गेला. डॉ. हमीद दाभोलकर त्यातले एक संशोधक. गावातल्याच साध्या शिक्षणाच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी जायचं, औषधांची आठवण द्यायची, घरच्यांशी बोलायचं, काम मिळवून द्यायला मदत करायची, अशी ती रीत. फक्त दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची लक्षणं आणि अडचणी काहीशा जास्त कमी झाल्या. मानसोपचाराची सोय सगळ्यात तुटपुंजी होती त्या कांचीपुरमच्या खेड्यांत हा फरक सर्वांत ठळक होता. म्हणजे दवाखाना जितका लांब, तितकी दारात येणाऱ्या माणसाची किंमत जास्त. धाराशिव जिल्ह्यानं हा निष्कर्ष नीट वाचायला हवा.

कारण दारात येणारं माणूस या जिल्ह्यात आधीच आहे. शेतकरी आत्महत्यांच्या सावटात २०१५ मध्ये राज्यानं मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, त्यात होतं. आशाताईंनी घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे, खचलेलं माणूस ओळखायचं आणि पुढे पाठवायचं. प्रश्न कर्त्या शेतकऱ्याच्या नैराश्यासाठी होते. पण प्रकल्पानं एक मोठी गोष्ट केली: मनाविषयी विचारायला सरकारी माणूस उंबऱ्यापर्यंत आलं. किशोरवयीनांसाठी २०१४ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात मैत्री क्लिनिकं आहेत. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क ठरवला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं. त्याच वर्षी धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेरहून ते वीसेक किलोमीटरवर.

तरी दरी मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के माणसं उपचाराबाहेर होती. तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक त्रास आढळला. त्यातच या भागातली मुलं नेमक्या याच वयात घर सोडतात. कुणी लातूरला शिकवणीला, कुणी पुण्याला स्पर्धा परीक्षेला, कुणी कुटुंबासोबत ऊसतोडीला. युरोपातल्या अभ्यासांनी स्थलांतर, मोठ्या शहरातलं वाढणं, लहानपणीचे आघात आणि गांजा यांचा सायकोसिसच्या धोक्याशी संबंध दाखवला आहे. ते निष्कर्ष मराठवाड्याच्या मुलांना जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. पण खोलीवर एकटा राहणारा मुलगा बदलतोय हे पहिल्यांदा कुणाला दिसणार, हा प्रश्न इथेही तितकाच खरा आहे.

गोरोबांच्या कथेचा उरलेला भाग इथे महत्त्वाचा ठरतो. चारचौघांत कच्चं ठरल्यावर नामदेव रडत पंढरीला गेले. परंपरा सांगते की विठ्ठलानं त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडलं. तिथे त्यांना गुरू मिळाला. पारख झाली म्हणून नामदेव घडले नाहीत. पारखीनंतर वाट होती, आणि त्या वाटेच्या शेवटी माणूस बसलेलं होतं, म्हणून ते घडले. आणि चारचौघांत झालेल्या त्या निवाड्याची जखमही कथेनं लपवलेली नाही. धोक्याच्या कसोट्या गावात आणायच्या असतील तर या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. वर्गात उभं करून कुणाची मानसिक तपासणी करायची नाही. जोखीम, संशयित असले शब्द मुलाच्या मागे लावायचे नाहीत. झोप लागत नाही का, मन कशात रमत नाही का, कुणाची भीती वाटते का, एवढं एकांतात, मायेनं विचारायचं. आणि विचारण्याआधी पुढची सोय तयार ठेवायची.

ती सोय आवाक्याबाहेरची नाही. तेरच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ यावा. लिहून दिलेली औषधं तिथेच मिळावीत, म्हणजे महिन्याच्या गोळ्यांसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याला जावं लागणार नाही. आशाताई आणि शाळेतले शिक्षक यांना तरुण मुलांमधले बदल ओळखायला शिकवावं, आणि त्यांनी पाठवलेल्या मुलाचं पुढे काय झालं ते त्यांना कळवलं जावं. मंदिरात किंवा दर्ग्यात गेलेल्या कुटुंबाला कुणी हिणवू नये. श्रद्धा ठेवूनही औषध घेता येतं, हे त्यांना सांगावं. ही घडी बसली की मगच धोक्याच्या चाचण्यांचा विचार करावा.

आणि जिल्ह्यानं एक आकडा मोजायला लागावं: घरच्यांना पहिल्यांदा काहीतरी बिनसल्याचं जाणवलं त्या दिवसापासून डॉक्टरच्या पहिल्या भेटीपर्यंत किती आठवडे गेले. त्यासाठी मेंदूचं स्कॅन लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एक वही लागते, आणि आलेल्या प्रत्येक आई-बापाला हा प्रश्न विचारायची सवय लागते. नॉर्वेनं हा आकडा खाली आणून दाखवला, आणि लक्ष हटताच तो पुन्हा कसा चढतो तेही दाखवलं. धाराशिव जिल्ह्यानं तो वर्षभर प्रामाणिकपणे नोंदवला, तर तरुणांच्या मानसिक आरोग्यावरचं ते खरं संशोधन होईल. आणि त्यातून कमी झालेला प्रत्येक आठवडा कुणाच्या तरी मुलाच्या शिक्षणात, कामात, आयुष्यात जमा होईल.